मालवाहू विमानाची ताकद धावपट्टीवर मोजावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत हवाई दलाच्या मालवाहू स्क्वॉड्रनवरचा लेख वाचला. लढाऊ विमानांवर पुष्कळ जण लिहितात. दाणागोटा, दारूगोळा आणि जवान वाहून नेणाऱ्यांच्या वाट्याला अर्धे पान क्वचितच येते. त्याबद्दल मनापासून आभार. मात्र लेखात प्रत्येक विमानापुढे नुसती कमाल वहनक्षमता छापली आहे आणि शेवटी ‘पुराच्या वेळी असे एक विमान उजळाईवाडीला (कोल्हापूरच्या विमानतळावर) उतरले असते तर कोल्हापूरचे हाल टळले असते’, असा निष्कर्ष काढला आहे. तो चुकीचा आहे. पुढच्या पावसाळ्यात त्यावर कोणी विसंबून राहू नये, म्हणून हे पत्र.

हवाई दलाच्या मालवाहतुकीचा इतिहास पाहिला तर विमानाइतकेच धावपट्टीचे नाव घ्यावे लागते. १२ क्रमांकाची स्क्वॉड्रन १ डिसेंबर १९४५ रोजी कोहाटला उभी राहिली ती स्पिटफायर या लढाऊ विमानांवर. पुढे तिला डाकोटा ही मालवाहू विमाने मिळाली आणि ती हवाई दलाची पहिली वाहतूक स्क्वॉड्रन झाली. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी पहिल्या शीख बटालियनचे जवान दिल्लीहून श्रीनगरला पोहोचले ते डाकोटातूनच. डाकोटात फार तर अडीच-तीन टन माल किंवा पंचवीस-तीस माणसे मावतात. इतक्या लहान विमानांनी काश्मीरची लढाई सावरली, कारण श्रीनगरची धावपट्टी अजून आपल्या हातात होती आणि एकामागून एक फेऱ्या करता आल्या. खासगी कंपन्यांची डाकोटाही त्यासाठी जुंपली होती.

पूंछला वेढा पडला तेव्हा तर धावपट्टीच नव्हती. जवानांनी आणि निर्वासितांनी मिळून ती खणून काढली, आणि मगच एअर कमोडोर मेहर सिंग यांना तिथे डाकोटा उतरवता आली. २४ मे १९४८ रोजी तेच मेहर सिंग जनरल थिमय्यांना घेऊन लेहला उतरले. त्यांचे नाव सर्वांना माहीत आहे. लेहची ती धावपट्टी तयार करणारे अभियंते सोनम नोर्बू यांचे नाव मात्र लेखात नाही. ते असायला हवे होते.

आता वहनक्षमतेच्या आकड्यांविषयी. लेह सुमारे १०,७०० फुटांवर आहे. तिथे हवा विरळ. इंजिनाचा जोर कमी पडतो, पंखांना उचलही कमी मिळते, त्यामुळे त्याच वजनाला जास्त वेग आणि जास्त लांब धाव लागते. ऊन वाढले की हवा आणखी पातळ होते आणि दुपारी वारेही सुटतात. म्हणून तिथली उड्डाणे सकाळी उरकतात. आयएल-७६ कागदावर चाळीस टनांच्या वर उचलते, पण लेहसाठी चंडीगडहून निघताना तिचा बोजा हिशेबाने उतरवावा लागतो. सी-१३०जे विमान २० ऑगस्ट २०१३ रोजी लडाखमधल्या, १६,६१४ फुटांवरच्या दौलत बेग ओल्डीला उतरले, याचा अर्थ ते तिथे पूर्ण वीस टन घेऊन जाते असा नव्हे. इतक्या उंचीवर इंजिन बंद केले तर पुन्हा सुरू होईल याची खात्री नसते, म्हणून चालू इंजिनावरच माल उतरवतात. एएन-३२ वर पाच हजार अश्वशक्तीच्या वरची दोन इंजिने बसवली ती याच उंचीसाठी आणि उष्णतेसाठी.

बाहेरच्या माणसाला माल चढवणे म्हणजे हमाली वाटते. प्रत्यक्षात विमान सुखरूप उडणार की नाही, हे इथेच ठरते. सी-१३०जे आणि सी-१७ मध्ये माल पॅलेटवर, म्हणजे सपाट पाटावर बांधून येतो. हे पॅलेट १०८ बाय ८८ इंचांचे असते आणि त्यावर जास्तीत जास्त १०,००० पौंड, म्हणजे साधारण साडेचार टन चढवतात. जड नग खाली आणि मध्यभागी, हलके वर. वरून आणि बाजूंनी जाळे आवळायचे. मग पॅलेट विमानाच्या तळावरच्या रोलरवरून आत ढकलायचे आणि कडेच्या खटक्यांत अडकवायचे. गाडी असेल तर साखळ्या पुढे, मागे आणि तिरप्या, दोन्ही बाजूंना जोडीने. लोडमास्टर, म्हणजे माल चढवण्याची जबाबदारी असलेला माणूस, प्रत्येक नगाचे वजन आणि त्याची जागा ट्रिम शीट या तोलाच्या तक्त्यावर मांडतो आणि विमानाचा गुरुत्वमध्य आखलेल्या मर्यादेत बसतो का ते पाहतो. एखाद्या नगावर वजन लिहिलेले नसेल किंवा अंदाजाने लिहिले असेल, तर हा सगळा हिशेब खोटा ठरतो.

आवळलेले सुटले तर काय होते, ते २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानात बग्रामला दिसले. एका मालवाहू ७४७ मध्ये पाच चिलखती गाड्या होत्या. उड्डाण करताच किमान एक गाडी मागे सरकली, तिने हायड्रॉलिक यंत्रणा आणि शेपटीचा तोल सांभाळणारा भाग मोडला. विमान नाक वर करून कोसळले. सातही जण गेले.

हवेतून माल टाकण्याचेही शास्त्र आहे. हवाई छत्रीशिवाय (पॅराशूटशिवाय) धान्य टाकायचे असेल तर पोते गच्च भरत नाहीत. अर्धवट भरतात आणि ते दुसऱ्या, मोठ्या पोत्यात घालतात. आपटल्यावर आतले फाटले तरी धान्य बाहेरच्यात राहते. गच्च भरलेले पोते मात्र जमिनीवर फुटतेच.

छत्रीने जवान उतरवणे त्याहून अवघड. ११ डिसेंबर १९७१ रोजी संध्याकाळी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात टांगाईलला २ पॅरा ही छत्रीधारी बटालियन उतरली. मराठा पलटणीचा वारसा सांगणारी ही बटालियन आपल्या भागातल्या वाचकांना वेगळी सांगायला नको. त्यासाठी एएन-१२, पॅकेट, डाकोटा आणि कॅरिबू अशी चार तऱ्हांची विमाने वापरली. सगळ्यांचा वेग वेगळा. एकाच वेळी सोडली असती तर वेगवान विमाने मंद विमानांवर जाऊन आदळली असती किंवा बटालियन तुकड्या-तुकड्यांनी पांगली असती. वेळेचे ते गणित साधले, म्हणून त्याच रात्री पुंगलीचा पूल हाती आला. ३ नोव्हेंबर १९८८ रोजी बंड मोडण्यासाठी मालदीवला गेलेल्या ४४ स्क्वॉड्रनच्या दोन आयएल-७६ पुढेही, दोन हजारांहून अधिक किलोमीटरांवरच्या हुलुले बेटाची धावपट्टी कोणाच्या ताब्यात आहे, हाच मुख्य प्रश्न होता.

विमानाने काय न्यायचे नाही, हेही या कामात शिकावे लागते. एप्रिल २०२१ मध्ये सी-१७ ने पुण्याहून जामनगरला ऑक्सिजनचे टँकर नेले ते रिकामे. द्रवरूप ऑक्सिजनने भरलेला टँकर विमानात घेत नाहीत. भरलेले टँकर रस्त्याने किंवा रेल्वेने परतले. रिकामी खेप हवेतून नेऊन वाचलेला वेळ, हीच खरी मदत होती.

आता कोल्हापूर. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांची धोकापातळी ओलांडून ५५ फुटांच्या वर गेले आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. अशा वेळी एएन-३२ मधून साडेसहा टन तांदूळ आला, तर ती पन्नास किलोची १३० पोती झाली. दहा चाकी ट्रकच्या निम्माही माल नाही. पाणी आणले तर साडेसहा हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरच्या एका टँकरहून कमी. म्हणून पहिल्या फेरीत धान्य आणि पाणी नकोच. बचाव पथक, हवा काढून घडी घातलेल्या रबरी बोटी, त्यांची इंजिने, औषधे, जनरेटर यांनाच ती जागा द्यावी. त्यातही बोटीच्या इंजिनाची टाकी रिकामी करून पुसलेली हवी. टाकीत पेट्रोल राहिले तर लोडमास्टर ते इंजिन रॅम्पवरूनच (विमानाच्या मागच्या उतरत्या दारावरूनच) परत पाठवतो, आणि तसेच करायला हवे. पाणी शुद्ध करण्यासाठी ग्रामपंचायती मागतात ती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर इंधनाजवळ ठेवत नाहीत, कारण दोन्ही एकत्र आले की पेट घेऊ शकतात.

उजळाईवाडीची धावपट्टी वाढून आता सुमारे १९०० मीटर झाली आहे. लांबी पाहिली तर सी-१३०जे, एएन-३२ किंवा नवे सी-२९५ तिथे उतरू शकते. आयएल-७६ किंवा सी-१७ चा विचार करताना लांबीबरोबर डांबराखालचा थर किती भार पेलतो आणि विमान वळवायला, उभे करायला जागा किती, हे आधी तपासावे लागते. शिवाय पुराच्या दिवसांत ढग खाली असतात.

विमान उतरल्यावरचा प्रश्न तर कोणी विचारतच नाही. एमआयडीसीत सहज मिळणारी तीन टनी फोर्कलिफ्ट साडेचार टनांचे भरलेले पॅलेट उचलू शकत नाही. आयएल-७६ आणि एएन-३२ च्या पोटात स्वतःच्या यारी (क्रेन) असतात, पॅलेट नेणाऱ्या सी-१३०जे आणि सी-१७ मध्ये नाहीत. जड फोर्कलिफ्ट नसेल तर पॅलेटचे जाळे सोडून एकेक नग हाताने उतरवावा लागतो, आणि तोवर मागच्या विमानाला जागा मिळत नाही.

जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाने मे महिन्यातच गोकुळ शिरगाव एमआयडीसीत साडेचार टनांपेक्षा जास्त उचलणारी फोर्कलिफ्ट कोणाकडे आहे, तिचा चालक रात्री कुठे भेटतो, आणि विमानतळापासून सर्वांत जवळचा वजनकाटा कोणता, याची यादी करावी. मदत गोळा करणाऱ्या मंडळांनी आणि तालमींनी प्रत्येक खोक्यावर खरे वजन किलोत लिहावे. आणि आपण लेखातला तक्ता पुन्हा छापणार असाल, तर प्रत्येक आकड्यापुढे किती अंतरासाठी आणि किती उंचीच्या धावपट्टीवर, हे दोन रकाने जोडावेत, ही विनंती.

आपले,
हवाई दलाच्या वाहतूक विभागातून निवृत्त झालेले काही माजी सैनिक,
कोल्हापूर