पुरवणीत आपल्या मातीतल्या भाज्यांनाही जागा द्यावी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाची रविवारची पुरवणी आमच्या घरी सर्वांत आधी स्वयंपाकघरात वाचली जाते आणि तिच्यातील पाककृतींचे पान शेजारच्या चार-पाच घरांत फिरून मगच रद्दीत जाते. त्या आपुलकीच्या बळावर हे पत्र लिहीत आहे. अलीकडे या पानावर पनीर, चीज, ब्रोकोली आणि रंगीत ढोबळी मिरची यांचेच पदार्थ अधिक दिसतात. आमच्या दर्यापूर तालुक्यातील आठवडी बाजारात मात्र मेथी, पालक, अंबाडी, आंबट चुका, वांगी, गवार आणि कोहळे मिळते. पावसाळ्यात त्यात तरोटा आणि काटवल यांची भर पडते. या भाज्या चवदारही व्हाव्यात आणि त्यांतील सत्त्वही टिकावे यासाठी त्या कशा कराव्यात, हे सांगणारे कोणी नसल्यामुळे बहुतेक घरांत त्या एकतर तेलात बुडतात किंवा शिजून शिजून काळ्या पडतात.

हे मी स्वतःच्या घरावरून सांगते. मागच्या वर्षी तपासणीत माझ्या सुनेचे हिमोग्लोबिन कमी निघाले आणि तिला रोज पालेभाजी खाण्याचा सल्ला मिळाला. ती तर रोजच खात होती! म्हणून एक दिवस मी आमच्याच घरची मेथी होताना नीट पाहिली. भाजी आधी बारीक चिरली गेली, मग दोन पाण्यांतून धुतली गेली आणि ते हिरवट पाणी मोरीत गेले. त्यानंतर कढईत पळीभर तेल, त्यात भाजी, वर घट्ट झाकण. वीस मिनिटांनी जी भाजी उतरली तिचा रंगही गेला होता आणि वासही. ही रीत तिला मीच शिकवली होती आणि मला माझ्या सासूबाईंनी. क जीवनसत्त्व आणि फोलेट (रक्तवाढीला लागणारे ब गटातील जीवनसत्त्व) पाण्यात विरघळतात आणि फार वेळच्या उष्णतेने नासतात, हे आम्हा तिघींपैकी कोणाला कधी कोणी सांगितलेच नव्हते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याची कारणे अनेक आहेत, परंतु चुलीवरची रीत बदलणे तरी आपल्या हातात आहे.

आता आमच्याकडे भाजी निवडून, आधी धुऊन, निथळल्यावरच चिरली जाते. लसूण आणि मिरचीची फोडणी खमंग झाली की मेथी मोठ्या आचेवर उघडीच परतायची आणि आळली की मीठ घालून लगेच उतरवायची. मीठ शेवटी घालण्याचे कारण असे की, कढईभर दिसणारी भाजी आळून वाटीभर होते आणि आधी अंदाजाने घातलेले मीठ हमखास जास्त होते. खाली उतरवल्यावर लिंबू पिळले तर चव तर खुलतेच, शिवाय भाजीतील लोह अंगी लागण्यासही मदत होते. जेवणावर लगेच चहा घेण्याची आपल्याकडची सवय मात्र याच्या अगदी उलट काम करते; तो चहा तासाभराने घ्यावा. मेथी कोवळी असेल तर ती शिजवूच नये. बारीक चिरलेली कच्ची मेथी, कांदा, तिखट, मीठ, शेंगदाण्याचा कूट आणि चमचाभर कच्चे तेल कालवून केलेला घोळाणा ज्वारीच्या भाकरीबरोबर ज्याने खाल्ला आहे, त्याला वेगळे सांगायला नको.

तेलाविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तर्री आल्याशिवाय भाजीला चव नाही, अशी आपली समजूत आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाच्या नमुना ताटात ४०० ग्रॅम भाज्या आणि तेल-तूप मिळून २७ ग्रॅम असे प्रमाण आहे. पाच माणसांच्या घराचा हिशेब केला तर तेल-तूप महिन्याला चार किलोच्या आसपास येते. आमच्या घरी सणवार सोडून सहा किलो तेलच लागत असे. ते कमी झाले ते भरल्या वांग्यांपासून. तीळ, जवस आणि शेंगदाणे कोरडेच भाजून, लसूण, तिखट आणि सांबार (कोथिंबीर) घालून कुटले की त्या मसाल्याला स्वतःचेच तेल सुटते, त्यामुळे फोडणीला दोन चमचे पुरतात. वांगी कढईत लावून वर खोलगट ताटली झाकायची, तीत पाणी ओतायचे आणि आच मंद ठेवायची. आतली वाफ त्या गार ताटलीला लागून थेंबाथेंबाने वांग्यांवर पडते, भाजी बुडाला लागत नाही आणि रस्सा हवा असेल तर ताटलीतलेच गरम पाणी कामी येते. ही युक्ती जुनीच आहे. तेल स्वस्त आणि सहज मिळू लागले तशी ती मागे पडली.

डाळभाजीत तूरडाळ, थोडी हरभऱ्याची डाळ आणि भिजवलेले शेंगदाणे आधी शिजवून घ्यावेत आणि पालक किंवा चुका अगदी शेवटी घालावा. सर्व एकत्र कुकरमध्ये लावल्यास पाला विनाकारण डाळीइतका शिजतो. फोडणी लोखंडी कढईत करून त्यातच भाजी उकळली तर थोडे लोहही उतरते, चुक्यासारख्या आंबट भाजीत जास्तच. मात्र झालेली भाजी त्या कढईत ठेवू नये. अंबाडीला हे नियम लागू नाहीत. तिची आंबट धार कमी करण्यासाठी ती उकळून पिळावीच लागते, पण तिच्यात ज्वारीच्या कण्या आणि तूरडाळ घातली की ते पोटभरीचे जेवण होते.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीचे पाणी खारे, त्यामुळे उन्हाळ्यात मळ्याची भाजी दुर्मीळ. म्हणूनच हरभऱ्याच्या भाजीचे मोल आम्हाला अधिक आहे. पेरणीनंतर महिनाभराने, फुलोरा येण्याआधी शेंडे खुडले की झाडाला फांद्याही फुटतात आणि घरात भाजीही येते. हे शेंडे सावलीत वाळवून डब्यात भरले की उन्हाळाभर पुरतात. सावलीत अशासाठी, की कडक उन्हात त्यांतील कॅरोटिन (ज्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व बनते ते) जास्त नासते. वाळवलेली भाजी हाताने चुरून, लसणाच्या फोडणीत पाणी घालून उकळावी आणि वरून ज्वारीचे किंवा बेसनाचे पीठ पेरून घोटावी. क जीवनसत्त्व वाळवताना जाते, पण लोह, कॅल्शियम आणि चोथा टिकतो. मात्र फवारणी झालेल्या वावरातील शेंडे कोणीही खुडू नयेत, आणि शेतमालकानेही खुडायला येणाऱ्या बायकांना फवारणीची तारीख आवर्जून सांगावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आपणास विनंती एवढीच की, पुरवणीतील निदान अर्धे पान त्या त्या महिन्यात आपल्या शिवारात आणि बाजारात मिळणाऱ्या भाज्यांसाठी राखून ठेवावे. पाककृतीबरोबर तेलाचे माप, शिजवण्याचा वेळ आणि अंदाजे खर्चही द्यावा. भंडारा-गडचिरोलीकडील भगिनींनी त्यांच्या रानभाज्यांच्या रीती लिहून कळवल्या, तर आम्हा वऱ्हाडातल्या वाचकांना त्या हव्याच आहेत. सुरुवातीला उपयोगी पडेल म्हणून वाळवलेल्या हरभरा भाजीची मापासह कृती सोबतच्या कागदावर लिहून पाठवीत आहे.

आपली नम्र,
एक शेतकरी गृहिणी,
ता. दर्यापूर, जि. अमरावती