टायनमची शाळा

महोदय,

इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या किनाऱ्याजवळचे टायनम हे गाव डिसेंबर १९४३ मध्ये लष्कराने सरावासाठी रिकामे करून घेतले. सुमारे २२५ माणसांनी घरे सोडली. आम्ही एक दिवस परत येऊ, तोवर गाव सांभाळा, अशी चिठ्ठी चर्चच्या दारावर लावून ती गेली. १९४८ मध्ये सरकारने जमीन कायमची ताब्यात घेतली. हा सरळ सरळ विश्वासघात होता!

आज घरांच्या नुसत्या भिंती उरल्यात. शाळा मात्र जपली आहे: खुंट्यांवर मुलांची नावे, बाकांवर वह्या. किल्ले-राजवाड्यांपेक्षा मला हा इतिहास मोलाचा वाटतो. इंग्लंडला जाणाऱ्यांनी लंडनमधला एखादा दिवस कमी करावा आणि बहुतेक शनिवार-रविवारी खुले असणारे हे गाव आवर्जून पाहावे.

– एक वाचक, पुणे