आधी बोलणं, मग स्लाइड

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली पीपीटी सावकाश पाहिली. मेहनत दिसते. तरीही स्पष्ट सांगते: अख्खं भाषण तू पडद्यावर उतरवून ठेवलं आहेस. तू ते वाचायला लागशील तोवर समोरचे वाचून मोकळे झालेले असतील.

वाचणं आणि ऐकणं एकाच वेळी धड होत नाही. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांतून दाखवलं आहे की, चित्रासोबत नुसतं निवेदन ऐकणाऱ्यांना विषय जास्त समजतो. तेच शब्द पडद्यावरही उमटले की आकलन घटतं. म्हणजे भरगच्च स्लाइड तुझ्याच आवाजाशी भांडते.

म्हणून आता लॅपटॉप मिटव. भाषण संपल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात काय उरायला हवं, ते कागदावर एका वाक्यात लिही. ते जमेपर्यंत एकही स्लाइड करू नकोस. मग मोठ्याने बोलून बघ. दहा मिनिटांत साधारण 1200 ते 1300 शब्दच नीट बोलून होतात, त्यामुळे बरंच काही गाळावं लागेल. गाळताना जीव तुटतो, पण गाळ. बोलताना जिथे शब्द अपुरे पडतील, आलेख किंवा फोटो दाखवल्याशिवाय मुद्दा कळणारच नाही, तिथे खूण कर. स्लाइड फक्त तिथेच.

शीर्षकात नुसतं ‘निष्कर्ष’ लिहू नकोस. काय निष्पन्न झालं ते पूर्ण वाक्यात लिही, आणि ते खरं असू दे. हे मी इतक्या आग्रहाने का सांगते? 2003 मध्ये कोलंबिया यान अवकाशात असताना, उड्डाणावेळी पंखावर आदळलेल्या फोमच्या तुकड्याने किती नुकसान झालं असेल, याचा आढावा स्लाइडवरून मांडला गेला. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक दिलासा देणारं होतं. आदळलेला तुकडा चाचणीतल्या तुकड्यांपेक्षा कितीतरी पट मोठा होता, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र तळाशी, बारीक अक्षरांत होती. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. अपघाताची कारणं अनेक होती, पण चौकशी मंडळाने आपल्या अहवालात त्या स्लाइडचीही दखल घेतली. तुझ्या विषयात कुणाचा जीव टांगणीला नाही, हे मला कळतं. तरी जे सर्वांत महत्त्वाचं, ते सर्वांत वर आणि सर्वांत मोठं असायला हवं.

बाकी किरकोळ. लाल आणि हिरव्या रंगातला फरक अनेकांना दिसत नाही, तेव्हा आलेखातल्या रेषांवर थेट नावं लिही. पीडीएफ प्रत जवळ ठेव, कारण दुसऱ्या संगणकावर फॉन्ट नसला तर देवनागरीची जोडाक्षरं विस्कटतात. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो चालू असताना ‘बी’ कळ दाबली की पडदा काळा होतो. मनापासून काही सांगायचं असेल तेव्हा ती दाब, सगळे तुझ्याकडे बघतील.

सुरुवातीची आणि शेवटची दोन-दोन वाक्यं तेवढी पाठ कर. मधलं तुला येतंच, तो विषय तू जगली आहेस.

रविवारी फोन कर आणि स्लाइडशिवाय सगळं भाषण मला म्हणून दाखव. मला कळलं नाही तिथे मी थांबवेन. स्लाइड कुठे हवी, ते तेव्हा दोघी मिळून ठरवू.

तुझी,
आई