मालक पाहून बातमी खोटी ठरत नाही
माध्यमांच्या मालकीवरील लेख (रविवार पुरवणी) वाचला. २०२२च्या अखेरीस अदानी समूहाने एनडीटीव्हीवर ताबा मिळवल्यापासून ही चर्चा वाढली, ते योग्यच. १९५६च्या नियमांनुसार वृत्तपत्रांनाही एक टक्क्याहून अधिक भांडवल असणाऱ्या भागधारकांची नावे दरवर्षी छापावी लागत, भले ती कोपऱ्यात बारीक टायपात का असेनात. मात्र मालक अमुक, म्हणून बातमी खोटी, हा लेखातील निष्कर्ष तर्कदुष्ट आहे. घोडबंदर रस्त्यावरचा खड्डा विरोधकांच्या वाहिनीने दाखवला म्हणून तो बुजत नाही. बातमी खोडायची तर छायाचित्राची तारीख आणि कंत्राटाचे कागद तपासावे लागतात. कोणती बातमी गाळली गेली, हे अशा तपासात सापडत नाही आणि मालकाचा हात बहुधा तिथेच फिरतो. त्यावर लेखात एक ओळही नाही.
- एक वाचक, नौपाडा, ठाणे