कुकरची माहितीपुस्तिका लिहिणाऱ्यास, मनापासून आभार

सप्रेम नमस्कार,

पुस्तिकेवर कंपनीचं नाव असतं, पत्ता असतो, हमीचं कार्ड जोडलेलं असतं. तुमचं नाव मात्र कुठेच नसतं. पहिल्यांदाच स्वयंपाकाला उभं राहणाऱ्यांना आम्ही कुकर लावायला शिकवतो आणि आमच्या शिकवण्याचा बराचसा भाग तुमच्या त्या पातळ पुस्तिकेतूनच आलेला आहे. तेव्हा आभार मानायचे ते तुमचेच. पत्र मुद्दाम उघड लिहितोय, म्हणजे खोक्याबरोबर पुस्तिकाही ज्यांनी टाकून दिली त्यांच्याही ते वाचनात येईल.

सगळ्यात मोठे आभार एका सूचनेसाठी: पूर्ण दाब आला की गॅस बारीक करा आणि तिथून मिनिटं मोजा.

नवीन माणूस पहिला प्रश्न विचारतो तो 'किती शिट्ट्या?' हाच. शिट्टी का होते ते कुणी सांगितलेलं नसतं. आतल्या वाफेचा दाब ठरावीक मर्यादेला पोचला की झाकणावरच्या नळीवरचं वजन, म्हणजे आपण जिला शिट्टी म्हणतो ते, उचललं जातं, जास्तीची वाफ बाहेर पडते आणि वजन पुन्हा जागेवर बसतं. घरगुती कुकरात हा दाब साधारण दर चौरस सेंटीमीटरला १ किलोच्या आसपास असतो आणि त्या दाबाला पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळतं. कुकरात पदार्थ लवकर शिजतो तो या वाढीव २० अंशांमुळे. गॅस मोठा ठेवला तर शिट्ट्या भराभर होतात, बारीक ठेवला तर कितीतरी वेळ एकही होत नाही. आतलं तापमान दोन्ही वेळा जवळजवळ तेच. म्हणजे एकाच्या घरच्या चार शिट्ट्या चार मिनिटांत उरकतात, तर दुसऱ्याच्या घरच्या चार शिट्ट्यांना पंधरा मिनिटं लागतात. मग डाळ एकीकडे गोटा राहते, दुसरीकडे तिचा गाळ होतो आणि दोघंही दोष देतात डाळीला. शिवाय प्रत्येक शिट्टीबरोबर थोडं पाणी वाफ होऊन जातं. पाणी मोजून घालूनही बुडाला लागलं, तर बहुतेक वेळा गॅस मोठा राहून गेलेला असतो.

दुसरी सूचना लोक हमखास गाळतात. वाफेच्या नळीतून वाफेची सलग, जोरकस धार येऊ लागल्यावरच वजन ठेवायचं. कारण सोपं आहे. झाकण लावताना कुकरात हवा असतेच. ती आत अडकली तर दाब भरल्यासारखा वाटतो, पण दाबातला काही वाटा हवेचा असल्यामुळे तापमान त्या प्रमाणात चढत नाही आणि पदार्थ कच्चा राहतो. ज्या कुकरांत वजन झाकणालाच पक्कं बसवलेलं असतं, तिथे ते काढत बसायचं नाही. ती हवा सुरुवातीलाच आपली आपण निघून जाते. असा फरक तुम्ही त्या त्या कुकरच्या पुस्तिकेत बिनचूक लिहिता. म्हणून एका कुकरची सवय दुसऱ्याला लावू नका, असं आम्ही प्रत्येकाला बजावतो.

आता भरण्याचं माप. एरवीच्या पदार्थांसाठी कुकर दोनतृतीयांशापर्यंत, आणि डाळी, कडधान्यं, तांदूळ यांना पाण्यासकट निम्म्यापर्यंतच. त्याहून जास्त नाही. डाळीला फेस येतो आणि सालपटं वर उडतात. वर मोकळी जागा नसेल तर फेस थेट नळीत शिरतो. शिट्टीतून पिवळं पाणी उडायला लागलं की समजायचं, कुकर जास्त भरलाय किंवा गॅस मोठा आहे. ओट्यावर डाग पडतात ते पुसता येतात. खरा धोका नळी तुंबण्याचा. डाळीत चमचाभर तेल घातलं की फेस बराच कमी होतो, पण तेल घातलं म्हणून निम्म्याची रेघ ओलांडायची नाही.

पहिल्या आठवड्यात आम्ही चारच गोष्टी करायला लावतो. माप २५० मिलिलिटरच्या कपाचं आणि मिनिटं दाब आल्यावर गॅस बारीक करून मोजलेली. भातासाठी १ कप तांदूळ धुऊन, २० मिनिटं भिजवून, निथळून, दीड कप पाण्यात, ५ मिनिटं. गॅस बंद केल्यावर १० मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही, उरलेलं शिजणं त्या वेळात होतं. मऊ भात हवा असेल तर पाणी २ कप. सालं काढलेली मसूर डाळ १ कप, पाणी ३ कप; ५ ते ६ मिनिटं. जाड डाळींना १० ते १२ मिनिटं लागतात. मध्यम आकाराचे अख्खे बटाटे चार, तळाशी जाळी आणि दीड कप पाणी. १० ते १२ मिनिटं, अर्धे चिरले तर ६ ते ७. एक बटाटा लिंबाएवढा आणि दुसरा मुठीएवढा असा डाव मांडला तर एक फुटणार आणि दुसरा मध्ये कडक राहणार, म्हणून सारखे निवडायचे. आणि रात्रभर भिजवलेले छोले, कोरडे मोजून १ कप, पाणी ३ कप. २० ते २५ मिनिटं.

राजमा पाचवा, कारण त्याला नियम वेगळा. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारं लेक्टिन नावाचं प्रथिन असतं. ते पाण्यात भिजवून आणि चांगलं उकळूनच नष्ट होतं. कमी तापमानाला नुसतं कोमट शिजत ठेवलं तर राहून जातं. रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या, नवीन पाण्यात कुकरला लावा. पूर्ण मऊ झाल्याशिवाय चाखूनही बघू नका.

कडधान्य तासभर शिजवूनही टणक राहिलं, अशी तक्रार आमच्याकडे सारखी येते. पाणी जड असेल किंवा टोमॅटो, चिंच असं आंबट काही आधीच घातलं असेल तर दाण्याची पेशीभित्ती लवकर सैल होत नाही. आंबट शेवटी घाला. मिठाला मात्र उगाच बोल लावू नये. भिजवण्याच्या पाण्यात चिमूटभर मीठ असलं तर उलट साल मऊ पडायला मदतच होते. फार जुनं, वर्षानुवर्षं पडून असलेलं कडधान्य कितीही वेळ दिला तरी नीट शिजत नाही.

भांड्यात भांडी ठेवून वरण-भात एकदमच लावायचा असेल तर तळाला जाळी, २ कप पाणी, डबे निम्म्याहून कमी भरलेले आणि वरच्या डब्यावर झाकण. डब्यांतलं पाणी वेगळं, तळातलं वेगळं. वाफ तळातल्या पाण्याची होते, हे न कळल्याने कोरडे पडलेले कुकर आम्ही बरेच पाहिलेत. करपल्याचा वास आला तर गॅस बंद करून कुकर आपोआप गार होऊ द्यावा. तापलेल्या कोरड्या कुकरात गार पाणी ओतू नये.

उघडण्याबद्दल तुम्ही ठळक अक्षरात लिहिता, तेही योग्यच. आतल्या बाजूला बसणारं झाकण दाब असताना निघतच नाही, कारण वाफच त्याला वर दाबून धरते. बाहेरून फिरवून लावायचं झाकण मात्र जोर लावून निघू शकतं आणि भाजण्याची जोखीम तिथेच असते. वजन अलगद उचलून पाहा. फुसफुस ऐकू आली तर अजून थांबा. डाळ आणि भात यांची वाफ आपोआपच जिरू द्यायची. घाईने दाब सोडला तर आतलं सगळं एकदम उसळतं आणि पातळ डाळ नळीतून फवाऱ्यासारखी बाहेर येते. अर्धे चिरलेले बटाटे किंवा बीन्स अशा पटकन शिजणाऱ्या भाज्या असतील तर नळाखाली झाकणाच्या कडेवर पाण्याची धार सोडून दाब उतरवता येतो. धार नळीवर किंवा सेफ्टी व्हॉल्व्हवर पडू द्यायची नाही.

सेफ्टी व्हॉल्व्हसाठी आम्ही वेगळे आभार मानतो. तुम्ही लिहिता की तो उडाला तर कारण शोधा, मग नवा बसवा. कुकर कोरडा पडून तापमान वाढलं किंवा नळी तुंबली की व्हॉल्व्हमधला कमी तापमानाला वितळणारा धातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते. त्याच्या जागी स्क्रू पिळून काम भागवणं म्हणजे कुकरचा एकमेव शेवटचा पहारेकरी काढून टाकणं. १६७९ साली डेनिस पापिन या फ्रेंच शास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे दाबाखाली हाडं मऊ करणारं आपलं भांडं मांडलं, आणि पुढे त्यालाही सुरक्षा-व्हॉल्व्हची जोड मिळाली. म्हणजे दाबाखाली शिजवणं आणि दाबाला वाट ठेवणं ही जोडी फार जुनी आहे.

कडेने वाफ गळते, शिट्टी होत नाही, ही नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा कडेला अन्नाचा कण अडकलेला असतो, रिंग नीट बसलेली नसते, किंवा ती कडक, सैल, चिरलेली झालेली असते. रिंग दरवेळी काढून धुवावी, वाळवावी आणि झाकण उलटं ठेवून द्यावं. बंद करून ठेवलं तर रिंग दबून राहते आणि आत वासही धरतो. नवी रिंग घेताना त्याच कंपनीची, त्याच लिटरची. रोज नळीतून उजेडाकडे बघायला तर पाच सेकंदं लागतात. एवढी छोटी सवय लागली तर कुकरची अर्धी भीती जाते, हे आम्ही शिकणाऱ्यांच्या हाताकडे बघून सांगतो: आधी झाकण धरताना कोपर ताठ असतो, नळी तपासायची सवय लागली की तो सैल होतो.

समुद्रसपाटीपासून उंचावर राहणाऱ्यांना वेळ थोडा वाढवावा लागतो, कारण तिथे बाहेरच्या हवेचा दाबच कमी असतो. विजेच्या कॉइलवर करणाऱ्यांनी मिनिटं भरल्यावर कॉइल गार होण्याची वाट न पाहता कुकर बाजूला सरकवावा.

तुम्हाला एकच विनंती. काय बिघडतं आणि का बिघडतं याचा तक्ता मागच्या पानावर असतो, तो पहिल्या पानावर आणता आला तर आणा, अक्षर दोन पॉइंट मोठं करा आणि डाळीसाठीची निम्म्याची रेघ कुकरच्या आतल्या बाजूला कोरायला कंपनीला सांगा. रिंगच्या नव्या पाकिटात पुस्तिकेची एक घडी टाकता आली, तर जुने कुकर वापरणाऱ्यांपर्यंतही ती पोचेल.

आपले कृतज्ञ,
नव्याने स्वयंपाक शिकणाऱ्यांना शिकवणारे