पाऊस टाळून कानाझावा कसे पाहणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील जपानमधल्या कानाझावा शहरावरचा लेख काल वाचला आणि राहवले नाही म्हणून लिहीत आहे. ‘जून-जुलै टाळा, डिसेंबरच्या कोरड्या हवेत जा आणि पाऊस आलाच तर बसमधून शहर पाहा’ असा सल्ला देण्यापूर्वी लेखकाने तिथल्या हवामानाची साधी चौकशीही केलेली दिसत नाही. टोकियोचा हिवाळा कोरडा असतो हे खरे. परंतु कानाझावा देशाच्या दुसऱ्या अंगाला, ‘जपान समुद्र’ म्हणतात त्या समुद्राकाठी आहे. सैबेरियाकडून येणारे वारे त्या समुद्रावरचे बाष्प उचलतात आणि डोंगरांना अडून किनाऱ्यावर रिते करतात, त्यामुळे तिथे डिसेंबर हाच वर्षातला सर्वांत ओला महिना असतो. ‘जेवणाचा डबा विसरलात तरी चालेल, छत्री विसरू नका’ ही म्हण तिथे उगाच रूढ झालेली नाही.

बसमधून शहर पाहणे म्हणजे काय, हे मी पैसे मोजून अनुभवले आहे. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरातच आम्ही एका सहलीबरोबर गेलो होतो. पावसाचे कारण सांगून सहलप्रमुखाने नागामाची या सामुराईंच्या जुन्या वस्तीपाशी कोणालाही उतरू दिले नाही. तिथल्या अरुंद गल्ल्यांत बस शिरत नाही. त्यामुळे धुरकटलेल्या काचेतून मोठ्या रस्त्यावरची दुकाने तेवढी दिसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मोकळा वेळ होता, तेव्हा हॉटेलातून छत्र्या घेऊन मी आणि पत्नी भर पावसात पायी निघालो.

त्या गल्ल्यांतल्या मातीच्या कुंपणभिंतींवर गवताच्या जाड चटया टांगलेल्या होत्या. भिंतीत मुरलेले पाणी गोठले की माती फुटते, म्हणून हिवाळाभर भिंतींना हे पांघरूण असते. आमच्या रत्नागिरीच्या घरी वडील पावसाळ्यापूर्वी मातीच्या भिंतींना झावळ्या बांधत, ते आठवून मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. शेजारच्या पाटाचे पाणी पावसाने वेगात वाहत होते आणि काळी कौले चकाकत होती. पुढे केनरोकुएन बागेत, ओल्या जड बर्फाने फांद्या मोडू नयेत म्हणून पाइन वृक्षांना उंच खांबावरून बांधलेल्या दोऱ्यांचे शंकू पाहिले. प्रत्येक दोरीवरून थेंब ओघळत होते. रेल्वे स्थानकासमोरचा २००५ साली उभारलेला काचेचा घुमट तर पावसात उतरणाऱ्या पाहुण्यावर छत्री धरावी, याच कल्पनेतून घडवला आहे. जे शहर पावसाची एवढी तयारी ठेवते, ते पाऊस टाळून पाहा, असे आपल्या वाचकांना सांगणे मला अन्यायाचे वाटते.

डिसेंबरविषयीची चूक कृपया दुरुस्त करावी, कारण त्या भरवशावर कोणी छत्रीविना जाईल. लेखासोबत छापलेले सोनेरी मंदिरही कानाझावातले नसून क्योटोतले किनकाकुजी आहे. सोन्याच्या वर्खासाठी कानाझावा प्रसिद्ध आहे, म्हणून कोणतीही सोनेरी वास्तू तिथली ठरत नाही.

आपला नियमित वाचक,
पुणे