दोन शहरांमधला खरा वेळ जाहीर करा : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय परिवहन मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

नवा महामार्ग असो की नवी विमानसेवा, उद्घाटनाच्या भाषणात एक वाक्य ठरलेले असते : या शहरातून त्या शहरात आता इतक्या तासांत! लोक या आकड्यावर विश्वास ठेवून परीक्षेचे, मुलाखतीचे, शस्त्रक्रियेच्या तारखेचे बेत आखतात आणि उशिरा पोहोचतात. म्हणून हे पत्र.

समजा, दोन शहरांत सरळ रेषेत ४०० किलोमीटर अंतर आहे. ताशी ८०० च्या वेगाने विमानाला अर्धा तास पुरावा. पण चढण्या-उतरण्यातच बराच वेळ जातो, इतक्या जवळच्या पल्ल्यात पूर्ण वेग फार थोडा वेळ मिळतो. तिकिटावर सव्वा तास छापलेला असतो, तोही विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतचा. त्याआधी विमानतळ गाठायचा, दोन तास आधी हजर व्हायचे, तपासणीच्या रांगेत कमरेचा पट्टा, मोबाईल आणि औषधांची पिशवी ट्रेमध्ये काढून ठेवायची. उतरल्यावर सामानाची वाट बघायची, मग टॅक्सीची. घरापासून मुक्कामापर्यंत पाच तास सहज होतात.

रस्त्याचे गणित मला जास्त महत्त्वाचे वाटते, कारण रस्त्याने जाणारे कितीतरी अधिक आहेत. नदी-डोंगरांना वळसे घालत तेच अंतर ५०० किलोमीटर होते. त्यातले ४६० किलोमीटर महामार्गावर ताशी १०० ने काटले, तर लागतात चार तास छत्तीस मिनिटे. उरलेले ४० किलोमीटर दोन्ही शहरांच्या गर्दीतले. तिथे ताशी २० चा वेग मिळाला, तर त्या ४० किलोमीटरना दोन तास! आता महामार्गावरचा वेग १२० केला, तर वाचतात शेहेचाळीस मिनिटे आणि अपघाताचा धोका वाढतो. शहरातला वेग २० चा ४० केला, तर वाचतो पूर्ण एक तास, कुणाचाही जीव धोक्यात न घालता. तरीही पैसा आणि कौतुक दोन्ही मधल्या पट्ट्यालाच मिळतात. शहराच्या वेशीवरचा चौक, अर्धवट पूल, बसस्थानकाबाहेरची कोंडी यांचे उद्घाटन कुणी करत नाही, म्हणून ती कामे रेंगाळतात असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट सरासरीची. सरासरी सहा तास लागतात हे कळून रुग्णाच्या नातेवाइकाला काही उपयोग नाही. त्याला हवा असतो वाईट दिवशीचा वेळ. अमेरिकेचे संघीय महामार्ग प्रशासन अशी मोजणी करते : शंभरातल्या पंचाण्णव वेळा वेळेवर पोहोचायचे, तर किती वेळ हाताशी ठेवावा? आपणही हे मोजू शकतो. बसगाड्यांना जीपीएस लावले की रोजच्या नोंदी आपोआप जमा होतात.

तेव्हा माझी मागणी अशी. प्रत्येक मोठ्या मार्गासाठी शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंतचा वेळ जाहीर करावा, नेहमीचा आणि वाईट दिवशीचा, दोन्ही. विमानसेवेलाही हाच नियम असावा. आणि पुढच्या महामार्गाला मंजुरी देताना दोन्ही टोकांच्या शेवटच्या २० किलोमीटरचा आराखडा व निधी त्याच प्रस्तावात असावा. तो नसेल, तर प्रस्ताव परत पाठवावा.

आपला,
एक नियमित प्रवासी